चौथा दिवा

कंपनीचा जुना कारखाना शिरूरच्या बाजूला होता, नवा दौंडजवळ. सर्व्हर जुन्या कारखान्यात होता आणि तो सांभाळायला मी दौंडला. मधलं अंतर एसटीने अर्धा दिवस खायचं, म्हणून टेलिफोनच्या तारेतून, मोडेम लावून, मी इथे बसून तिथलं काम करायचे. आज हे सगळ्यांना साधं वाटतं. तेव्हा आमच्या ऑफिसात लोक माझ्या मागे उभे राहून बघायचे.

अडचण एवढीच, की त्या सर्व्हरच्या खोलीत एकच फोन लाईन होती. मोडेम तिच्यावर आणि बोलायचा फोनही तिच्यावर. म्हणून एक पद्धत बसली. दहा वाजता मी फोन लावायचा. पलीकडे आप्पा उचलायचे. ते वीस वर्षांपासून कारखान्यात होते, आधी स्टोअरमध्ये, मग गुडघे गेल्यावर त्या थंड खोलीत बसायला. मशीनवरचे चार दिवे ते मला सांगायचे. मग मी म्हणायचे, "आता ठेवा, मी जोडते." ते फोन ठेवून मोडेमचं बटण दाबायचे. काम संपेपर्यंत कोणी रिसीव्हर उचलला तर लाईन तुटायची, म्हणून आप्पा फोनला खुर्ची लावून बसायचे. एकदा सुपरवायझर फोन करायला आला, तर त्यालाच दम दिला. "लाईनीवर मॅडम हायेत. हात लावाल तर तुमचीच सगळी ड्रॉइंगं उडतील." असं काही होत नसतं. पण मी त्यांना ते सांगितलं नाही. सोयीचं होतं.

चार वर्षं असं चाललं. आम्ही एकमेकांना पाहिलेलं नव्हतं.

चार दिव्यांतला चौथा महत्त्वाचा. सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या आणि दोन्हींवर तीच माहिती उतरायची, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर काम चालतं. एक गेली की चौथा दिवा हिरव्याचा लाल होतो. मशीन जुनं, ही गोष्ट माझ्या पडद्यावर दिसायची नाही. त्यासाठी तिथे माणूसच लागायचा.

मी घाईची बाई. रोज तेच विचारायचं म्हणून मी प्रश्न आखूड केला होता. "आप्पा, चौथा हिरवा ना?"

"व्हय मॅडम, हिरवा."

"ठेवा."

एका सोमवारी मी जोडायला गेले, तर पलीकडून काहीच नाही. पुन्हा फोन लावला, तर आप्पा म्हणाले, "पंखा फिरतोय, पन आतून कटकट आवाज येतोय." मी पहिली गाडी पकडून चौफुल्याला उतरले, तिथून मिळेल त्या जीपने शिरूर रोडला.

आप्पा दारातच होते. डोक्यावर टोपी, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. मी चहाला नाही म्हटलं आणि आत गेले. चौथा दिवा लाल होता. ते आजचं नव्हतं. मशीन कसंबसं चालू करून नोंद काढली, तेव्हा कळलं की एक डिस्क बारा दिवसांपूर्वीच गेली होती. दुसरी त्या दिवशी गेली. टेपवरची शेवटची प्रत नऊ दिवस जुनी. म्हणजे नऊ दिवसांच्या तपासणीच्या नोंदी गेल्या. पाठवायला तयार असलेला माल पुन्हा खोलून तपासावा लागणार होता.

मी त्यांना विचारलं, "आप्पा, हा दिवा कोणत्या रंगाचा आहे?"

ते मशीनकडे न बघता माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "हिरवा."

मला वाटलं, माणूस निर्लज्जपणे खोटं बोलतोय. बारा दिवस न बघता सांगितलं आणि आताही तेच. मोडेमच्या पुढच्या बाजूला बटणाशेजारी कुंकवाचे वाळलेले जाड टिपके होते. खंडेनवमीला सगळ्या मशीनची पूजा होते, तेव्हाचे असणार. ते मी ओल्या फडक्याने रागारागाने पुसून काढले. आप्पा म्हणाले, "मॅडम, ते राहू द्या." मी म्हटलं, "हे देवघर नाही, आप्पा."

रिपोर्ट मी त्याच आठवड्यात लिहिला. 'तेथील कर्मचाऱ्याने सलग बारा दिवस चुकीची माहिती दिली. यापुढे या कामासाठी माणसावर विसंबू नये. दिव्यांची स्थिती दुरून कळेल असे यंत्र घ्यावे.' प्रत्येक वाक्य खरं होतं. मी रोज काय विचारत होते, ते त्यात नव्हतं. ते मला सुचलंही नाही. महिन्याभरात यंत्र आलं आणि आप्पांना घरी पाठवलं. निवृत्तीला दोन वर्षं होती.

त्यानंतर चारपाच महिन्यांनी तळेगाव ढमढेऱ्याला एका लग्नाला गेले होते. आप्पा तिथलेच. जावं की नाही करत शेवटी घर विचारत गेले. ते ओसरीत शेंगा फोडत बसले होते. मी नुसतं "आप्पा" म्हटलं, तर उठलेच.

"मॅडम! आवाजावरनं वळाखलं. म्हटलं, बाई धिप्पाड असंल. तुम्ही तर एवढुशा." मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून हसले. "साडी निळी हाय. बघा, तुम्ही इचारायच्या आदी सांगितलं."

त्यांच्या बायकोने पाणी आणलं. तिनेच सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. वर्षभर त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं, कामावरून काढतील म्हणून. घरी बसल्यावर लेकीने ओढत शिबिराला नेलं. एकेक डोळा, पंधरा-पंधरा मिनिटांचं काम.

"ते बारके दिवे मला दिसतच नव्हते," आप्पा म्हणाले. "तुम्ही म्हनायच्या हिरवा ना, तवा मला वाटायचं, मॅडमला तिकडं दिसतंय, माझ्याकडनं नुसतं पक्कं करून घेत्यात. न्हाई कसं म्हनू?"

मी विचारलं, "आणि ते कुंकू?"

"मेनात कालवून लावलं व्हतं. बटन हाताला लागावं म्हनून. पूजेचं म्हटलं की कुनी पुसत न्हाई."

मी शेंगा फोडायला घेतल्या.

निघताना त्यांनी हळूच विचारलं, "आता चांगलं दिसतंय. दोन वर्सं तरी... सायबास्नी सांगता का?"

मी सांगितलं. नुसतं तोंडी नाही, लिहून दिलं. प्रश्न मीच चुकीचा विचारत होते, उत्तर मीच त्यांच्या तोंडात घालत होते, असं. साहेबांनी कागद वाचला आणि परत दिला. "तुमचं बरोबर असेल. पण तुम्हीच तर लिहिलंय, त्या खोलीत आता माणूस लागत नाही."

पुढच्या आठवड्यात आप्पांचाच फोन आला, बाजारातल्या बूथवरून. मागे गलका होता. मी साहेबांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं, मग म्हणाले, "बरं बरं. तुम्ही वाईट वाटून घिऊ नका."

मागे कोणीतरी भाव ओरडत होतं.

"मॅडम, मशीन बरी हाय ना? चौथा हिरवा ना?"

त्या दिवशी मी अजून जोडलंच नव्हतं. पडदा बंद होता.

"हो आप्पा," मी म्हटलं, "हिरवा."

"ठेवा मग," ते म्हणाले.