पद्मावतीकाकूंचं माप

मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत पद्मावतीकाकूंची खानावळ आहे. पेशंटच्या नातेवाइकांना तिथं गरम भाकरी-आमटी मिळते, आणि वर काकूंचे चार धीराचे शब्द. त्यांचा आवाज रस्त्यापलीकडच्या मेडिकलपर्यंत जातो.

गेल्या हिवाळ्यात भाकऱ्या थापता थापता काकू गप्प बसायला लागल्या, तेव्हा घरचे घाबरले. खांदे भरून यायचे, छाती आवळल्यासारखी वाटायची. नवरा भूपाल त्यांना तडक समोरच्या दवाखान्यात घेऊन गेला. ईसीजी काढायला स्वप्नाली सिस्टर होती. ती रोज त्यांच्याकडेच जेवायची. डॉक्टरांनी कागद बघितला, तपासलं आणि हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं. पण काकूंच्या खांद्यांवरचे वळ आणि छातीखालची लालभडक रेघ स्वप्नालीच्या नजरेतून सुटली नव्हती.

"काकू, ब्रा कितीची घालता?"

"छत्तीस. लग्नात आईनं घेतली, तवापासनं छत्तीसच."

"आणि लग्नातला ब्लाउज अजून बसतो का?"

"त्यात आता माझा एक दंडबी जायाचा न्हाई!" म्हणत काकू खो-खो हसल्या.

रविवारी सून भाग्यश्री त्यांना नीट माप घ्यायला सांगलीच्या एका दुकानात घेऊन गेली. भूपालही पिशवी घेऊन निघाला, पण दुकानाची पाटी वाचून बाहेरच्या पायरीवरच बसला. आजवर काकूंनी बाजारात नुसता आकडा पुटपुटायचा आणि पुडकं भाजीखाली दडवायचं, एवढीच खरेदी केलेली. इथं संयोगिता नावाच्या दुकानदार बाईनं आडोशाला नेऊन टेप लावली. आधी छातीखाली, मग छातीवरून.

पहिली जाळीची निघाली. "ही चावती गं," म्हणून काकूंनी ती लगेच काढली. दुसरीचे कप पुढून पोकळ राहिले. तिसरी सुती, रुंद पट्ट्यांची होती. संयोगितानं ती सगळ्यांत सैल हुकावर लावली.

"वजन खालच्या पट्टीनं पेलायचं, खांद्यांनी नाही. आता हात वर करा. वाका. मागं वर चढतेय का?"

काकू वाकल्या, वळल्या, मग आरशासमोर उभ्या राहून दोन्ही हातांनी हवेतच भाकरी थापली. काही रुतलं नाही, काही सरकलं नाही. त्यांनी पोटभर श्वास घेतला आणि त्यांचे डोळे एकदम भरून आले.

"बया! इतकी वरसं मी हे अंगाचं दुखणंच समजत होते."

मग पडद्याआडूनच त्यांनी हाक मारली, "आवं, ऐकलं का? चाळीस निघालं!"

अख्खा रस्ता वळून बघायला लागला. भूपाल समोरच्या विजेच्या खांबाकडं टक लावून बसला.

महिन्याभरात वळ फिके पडले. गर्दीच्या दिवशी खांदे अजून थोडे कुरकुरतात, पण काकूंचा आवाज पुन्हा मेडिकलपर्यंत जायला लागला. एके सकाळी त्यांनी शेजारी पीठ मळणाऱ्या मनुबाईला गाठलं. "चल, तुजंबी माप घिऊ."

"या वयात कोन बघतंय मला?" मनुबाई लाजली.

"बगायला न्हाई गं, श्वास घ्यायला!"

गल्ल्यावरून भूपाल हळूच म्हणाला, "जावा दोघीबी. दुपारच्या भाकऱ्या मी बगतो."

त्या दुपारी गिऱ्हाइकांनी भातच खाल्ला.