अकराचा शटडाऊन

बटणकाका कोणाच्या घरी गेले की त्यांची पहिली नजर माणसांवर नाही, भिंतीवर जायची. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की बोलणं अर्धवट टाकून उठायचे, बटण बंद करायचे आणि जागेवर येऊन म्हणायचे, "हं, काय सांगत होतात?" गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं नाव मोठ्यांच्या तोंडीही बसलं. काकांना त्याचा राग नव्हता. चोवीस वर्षं वीज कंपनीत लाइनमन, पुढची नऊ वर्षं सबस्टेशनवर ऑपरेटर. एवढी वर्षं विजेच्या संगतीत काढलेला माणूस तसाच व्हायचा.

घरोघरी इन्व्हर्टर आले, काकांच्या घरी आला नाही. "चुकीचा जोडला की उलटी वीज तारेत जाते. खांबावर चढलेला माणूस हकनाक जातो," एवढंच ते म्हणत.

"जन्मभर लोकांच्या घरी उजेड पाडला," काकू म्हणायच्या, "आणि आपल्या घरी नुसता उपदेश."

त्यांची एकुलती एक लेक सरकारी प्रयोगशाळेत नऊ वर्षं कंत्राटावर होती. कायमच्या जागेसाठी परीक्षा द्यायची, तर वयाची अट आड येत चाललेली. त्या दिवशीची परीक्षा तिची शेवटची. परीक्षा बारा वाजता, घरबसल्या, पण ज्या लॅपटॉपवर नोंदणी केली त्यावरच. आणि तो लॅपटॉप म्हणजे म्हातारा बैल. बॅटरी कागदोपत्री जिवंत, भरलेली दाखवायची. वायर काढली की अर्ध्या मिनिटात मान टाकायची.

त्यात अकरा ते चार दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार, असा निरोप दोन दिवस आधीच आला होता. लेकीने बेत केला होता. पावणेअकराला निघायचं, पलीकडच्या वस्तीत मैत्रिणीकडे जाऊन बसायचं. सगळं नीट आहे ना, एवढं बघायला तिने साडेदहाला लॅपटॉप चालू केला. तो चालू झाला, घुटमळला, आपणहून बंद झाला आणि पुन्हा उठला तेव्हा काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती: फर्मवेअर अपडेट होत आहे. वीज बंद करू नका.

"हे कोणी लावलं?" काकांनी विचारलं.

"कोणी नाही, बाबा. ते आपलं आपण येतं."

"मग थांबव."

"थांबवता येत नाही. तू लॅपटॉप आहेस, हे त्याला सांगणारं जे मुळाशी असतं ना, तेच पुसून नवीन लिहितोय."

"आणि मध्येच वीज गेली तर?"

"तर पाटी. कोरी पाटी." ती हसायला गेली, पण हसू आलं नाही.

दहा चाळीसला एकोणतीस टक्के. काकू देवापाशी जाऊन हात जोडून आल्या. "काय म्हणतंय तुमचं यंत्र?" त्यांनी विचारलं. लेकीने आकड्याकडे बोट दाखवलं. पावणेअकरा झाले, निघायची वेळ टळली. आकडा कधी भराभर सरकायचा, कधी एकाच जागी बसून राहायचा, जणू त्याला घाईच नाही. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी लोखंडी शिडी खडखडली. तो आवाज काकांना झोपेतही कळला असता.

दहा बावन्नला छपन्न टक्के.

"बाबा," लेक म्हणाली, "सबस्टेशनवर तुमचाच चेला आहे ना? फक्त दहा-पंधरा मिनिटं."

"तुमचा शब्द तो खाली पडू द्यायचा नाही," काकू म्हणाल्या.

काकांनी फोन लावला.

"काका! आज कशी काय आठवण?"

"अकराचा शटडाऊन आहे ना? पोरं कुठवर आलीत?"

"तुमच्याच कोपऱ्यावर असतील. का हो, काही अडचण? थोडं पुढे ढकलू का?"

मागायच्या आधीच मिळालं. तेव्हाही असंच सोपं होतं. काका ऑपरेटर होते, साहेबांच्या घरी पाहुणे होते, आणि फोनवर साहेब म्हणाले होते, फक्त पाच मिनिटं. काकांनी दिली. खांबावर जायचा त्यांचा जोडीदार, वीस वर्षं सोबत काम केलेला. वीज बंद झाल्याचा परवाना हातात आल्याशिवाय चढायचं नाही, हा नियम. पण स्विचवर आपला माणूस बसलाय, तो घड्याळ चुकायचा नाही, या भरवशावर जोडीदाराने मनगटावर नजर टाकली आणि तो चढला. तार अजून जिवंत होती. चौकशीत ठपका मेलेल्यावर आला. काकांचं नावही निघालं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, हे त्यांनी फक्त देवाला सांगितलं होतं.

"नको," काका फोनवर म्हणाले. "वेळेवर लाइन बंद कर. एक सेकंद इकडेतिकडे नको."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. डोक्यावर पंखा फिरत होता, पडद्यावर आकडा सरकत होता.

अकराला पंखा थांबला. पडदा वीस सेकंद तग धरून राहिला. एक्याऐंशीचे ब्याऐंशी झाले आणि काळोख.

"तरी मैत्रिणीकडे जाऊन बघते," असं म्हणून लेकीने लॅपटॉप पिशवीत टाकला. काका चपला घालून मागोमाग निघाले.

कोपऱ्यावर खांबाला शिडी लावलेली होती. शिडीवर कोणी नव्हतं. खाली सावलीत तिघं पाय पसरून बसले होते.

"या काका!" त्यातला एक उठला. "परवाना यायचाय अजून. आल्याशिवाय शिडीला हात नाही लावत आम्ही. तुम्हीच तर शिकवलंत."

लेकीने शिडीकडे बघितलं, मग वडिलांकडे. "म्हणजे थोडा वेळ थांबलं असतं तरी..." काकांनी तिथेच, रस्त्यावर उभ्या उभ्या, जोडीदाराची गोष्ट तिला चार वाक्यांत सांगितली. पाच मिनिटं कोणी दिली होती, तेही. तिने ऐकून घेतलं आणि समोरून आलेल्या रिक्षाला हात केला.

पावणेबाराला तिचा फोन आला. काका अजून त्या खांबाखालीच होते.

"लॅपटॉपचा दिवा लागतोय, बाबा. पुढे काहीच नाही."

"हं," काका म्हणाले.

"बाबा, वर कोणी चढलंय का आता?"

त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "चढलाय."

फोन तिने ठेवला नाही, आणि काकांनीही नाही. वरचा माणूस खाली उतरेपर्यंत दोघं तसेच कानाला लावून राहिले.