निरोगी नसांच्या यादीतून खोडलेलं नाव

माझं घर कोकणात. नववीतच शाळा सुटली आणि पोटासाठी फिरत फिरत बुलढाणा जिल्ह्यात येऊन पोचलो. डॉक्टरसाहेबांनी एमआरआय सेंटरवर मदतनीस म्हणून ठेवून घेतलं, ते उपकार मी विसरत नाही. नोकरी जाईल ही धास्तीही रोजचीच. तरी त्या दिवशी मी बोललो, आणि माझा तेव्हाचा राग अजून पुरता गेलेला नाही.

साहेबांनी एक अभ्यास काढला होता. निरोगी माणसाच्या मनगटातली नस, म्हणजे रक्ताची नव्हे, बोटांची जाणीव नेणारी, केवढी जाड असते ते मशीनवर मोजायचं. ते माप हाताशी असलं की बिघडलेली नस ओळखता येते. मापाला आले कोण? बँकेतले बाबू, मास्तर, कॉलेजची मुलं. बायका कमी पडल्या, म्हणून मी माझ्या घरमालकीणकाकूंना आणलं. मी तापाने पडलो असताना ज्यांनी आठ दिवस स्वतःच्या हाताने भाकर खाऊ घातली, त्या ह्या काकू. हंगामात कापूस वेचायला जातात.

फॉर्म मीच वाचून दाखवला. "हाताला काही त्रास?"

"नाई बाबू. मले काय धाड भरली?"

मंगळसूत्र, जोडवी काढून ठेवली. पालथं झोपून, हात डोक्यापुढे ताणून, त्या खडखडाटात काकू अर्धा तास जराही हलल्या नाहीत. मास्तर लोक दहा मिनिटांत चुळबुळ करायचे.

नस इतरांपेक्षा बरीच जाड, दबून सुजलेली निघाली. टेक्निशियन बाहेर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "काऊन हो मावशी, बोटं बधिर होत नाहीत का तुमची?"

"होतात ना. रोजच होतात."

"मग नाही काऊन सांगितलं? फुकटात तपासून घ्यायले आल्या ना?"

काकूंचा चेहरा पडला. "अरे, वेचणीत कोनाचे हात झिणझिणत नाईत? हात झटकला का चाललं काम. काम बंद पडलं तं तरास म्हनायचा. मी खरं सांगून राह्यली."

त्याने नाव खोडलं आणि पुढे लिहिलं, 'खोटी माहिती दिली'. तो कागद उचलून मी थेट साहेबांच्या खोलीत शिरलो.

"साहेब, यादीतून काढा, पण खोटी म्हणू नका. बधिर होतात का, असं कोणी विचारलंच नाही. आणि दुखणं निघालं तर आधी त्यांना सांगायचं, की चारचौघांत चोर ठरवायचं?"

साहेबांनी माझ्या हातातला कागद घेतला. आता घरचा रस्ता, असं मी धरूनच चाललो होतो. त्यांनी पेन काढलं, ती ओळ खोडली आणि वर लिहिलं: 'प्रश्न अपुरा होता. उपचार हवा.' मग स्वतः बाहेर येऊन, रात्री झोपताना मनगटाला पट्टा कसा बांधायचा ते काकूंना दाखवलं.

टेक्निशियन मान खाली घालून चादर बदलत होता. माफी त्याने मागितली नाही, आजतागायत नाही.

काकूंना वाचता येत नाही. साहेबांनी लिहिलेलं मी तिथेच मोठ्याने वाचलं, त्यालाही ऐकू जाईल असं.

"पुन्हा वाच," काकू म्हणाल्या.