विकल्याची टिकली

चाळीसगावच्या स्टेशन रोडला निंबा पेंटरचं दुकान आहे. वीस वर्षं त्याने मेलेल्या माणसांवर पोट भरलं आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मेलेल्यांची तर नव्हतीच.

त्याआधी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, जळगावला जाऊन डाळ मिलच्या भिंतींवर तुरीच्या शेंगा काढायचा, ट्रकच्या मागे मोर काढायचा. फ्लेक्स आला आणि ते सगळं बसलं. माणसांचं मरणं काही फ्लेक्समुळे थांबलं नाही. घरचे लोक आधी जुना फोटो, पुढे पुढे आधार कार्ड घेऊन यायचे. आधार कार्डावर माणूस आधीच गेल्यासारखा दिसतो. निंबा त्याच्या डोळ्यांत थोडी चमक भरायचा, अंगात कोट घालायचा आणि त्याला होता त्यापेक्षा बरा करून परत द्यायचा. शेवटचा हात म्हणून काचेवर, कपाळाच्या जागी, लाल गंधाचं एक बोट उठवायचा आणि फ्रेम कागदात गुंडाळायचा.

मागच्या उन्हाळ्यात त्याची पुतणी भूमिका दुकानात आली. धुळ्याला चित्रकलेचा कोर्स करून ती नाशिकला दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आली होती. शिबिराचा विषय होता, चित्रं मांडावी कशी आणि विकावी कशी. वहीत चौदा मुद्दे होते.

"काका, तुमच्या दुकानात आलं की दशक्रियेला आल्यासारखं वाटतं," ती म्हणाली.

"गिऱ्हाईक तिथूनच येतं, बाई."

"तेच चुकतं ना. जिवंत माणसं लावा दर्शनी. पंचाहत्तरी असते, रिटायरमेंट असते. माणसाला स्वतःचं चित्र घ्यावंसं वाटलं पाहिजे."

मुद्दे चांगले होते, हे निंबाला नाकारता येईना. चित्र बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवं, छताला नको. खाली कार्ड हवं: नाव, माप, कशात रंगवलं, किंमत. किंमत विचारायला माणूस लाजतो आणि लाजलेला माणूस पुढच्या दुकानात जातो. चित्रावर दिवा वरून तिरका पडावा, काचेत ट्यूबलाइट दिसू नये. गिऱ्हाईक चित्र बघत असताना आपण बोलू नये. यातलं शेवटचं सोडून निंबाने सगळं केलं.

अकरावा मुद्दा असा होता की चित्र विकलं गेलं तरी लगेच उतरवू नये. त्याच्यापाशी लाल ठिपका लावावा आणि गिऱ्हाईकाच्या कार्यक्रमापर्यंत ते तसंच टांगून ठेवावं. लोकांना दिसतं की घेणारे घेतायत, मग त्यांनाही घाई होते. मुंबईच्या मोठमोठ्या प्रदर्शनांत असंच करतात म्हणे.

ठिपक्यांचा कागद चाळीसगावात मिळाला नाही. निंबाने बायकोच्या पाकिटातली टिकली घेतली आणि फ्रेमच्या काचेवर वरच्या कोपऱ्यात चिकटवली. काचेवर लाल ठिपका कधी लागतो, हे सबंध तालुक्यात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण वीस वर्षं रोज केलेली गोष्ट माणूस विचार करून करत नाही.

पहिली टिकली तोतारामनानांना लागली. निवृत्त मास्तर, पंचाहत्तरीचा सत्कार ठरलेला, चित्र विद्यार्थ्यांनी सांगितलेलं. सत्काराच्या चार दिवस आधी नाना अंघोळीला गेले ते बाहेर आलेच नाहीत. दुसरी टिकली गुळाचे व्यापारी आधारशेठ यांना लागली. ते ऐंशी पार केलेले, दोन ठिकाणी स्टेंट. त्यांना अकरा दिवस मिळाले. दोन्ही वेळा चित्र उतरलं, गंधाचं बोट उठलं, कागदात गुंडाळलं गेलं.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांची चित्रं लावली तर अधूनमधून असं व्हायचंच. हे निंबाने समोरच्या चहावाल्याला समजावून सांगितलं. चहावाल्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सासऱ्याची ऑर्डर रद्द केली.

दुकानाच्या दर्शनी काचेसमोर माणसं थांबू लागली. वहीतल्या तिसऱ्या मुद्द्याप्रमाणे हे फार मोठं यश होतं. संध्याकाळी दूध आणायला निघालेला माणूस एक नजर टाकून जायचा. बाया पलीकडच्या फुटपाथवरून जायच्या, पण बघायच्या. दुकानात मात्र कोणी येत नव्हतं.

मग प्रेमराज आला.

धुळ्याहून गाडीने आला होता. पस्तीस-छत्तीसचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. त्याने लग्नाच्या एका फोटोतून कापलेला चेहरा काउंटरवर ठेवला. "माझी काकू. रुक्माबाई. तेल्याच्या गल्लीमागे राहतात, तुम्ही ओळखत असाल."

निंबा ओळखत होता. बहात्तर वर्षांची बाई, मूलबाळ नाही, नवरा जाऊन वीस वर्षं झाली. धुळे रोडवर प्लॉट, तोही पेट्रोल पंपवाल्यांच्या डोळ्यांत भरलेला. बाई तो विकत नव्हती आणि कुणाच्या नावावरही करत नव्हती. रोज सकाळी दोन किलोमीटर चालायची, परवा भाजीवाल्याशी भांडताना निंबाने तिला ऐकलं होतं.

"पंचाहत्तरीला तीन वर्षं आहेत अजून," निंबा म्हणाला.

"असू द्या. मोठं करा, दर्शनी लावा. पैसे सगळे आत्ताच घ्या." प्रेमराज काचेकडे बघत होता. "आणि ती टिकली पहिल्या दिवसापासून लावा. विकल्याची. विकलंच ना मी?"

"मग घरीच न्या ना."

"घाई नाही. वीस तारखेच्या सुमाराला नेईन."

निंबाने चित्र काढलं. नाही म्हणायला हवं होतं, हे त्याला कळत होतं, पण दीड महिन्यात आलेली ती पहिली ऑर्डर होती. शिवाय नाही म्हणायचं तर कारण काय सांगायचं? टिकलीने माणूस मरतो, असं? चित्र मात्र उतरलं झकास. रुक्माबाईच्या तोंडावरचा तो 'काय पाहिजे?' असा भाव त्याने आजवर कुठल्याच चेहऱ्यावर इतका नेमका पकडला नव्हता. बारा तारखेला ते काचेत लागलं. टिकली लावताना त्याचं बोट घामाने ओलं झालं होतं. पहिली टिकली गळून पडली, दुसरी बसली.

दुपारपर्यंत गावाला कळलं. संध्याकाळी रुक्माबाई स्वतः आली. चपला न काढता काचेसमोर उभी राहिली, बराच वेळ बघितलं.

"नाक बरं शे," ती तिच्या अहिराणीत म्हणाली. "कोन्ही सांगं काढाले?"

"प्रेमराजने, अक्का."

"हां." तिने टिकलीकडे एकदा बघितलं आणि निघून गेली.

सोळाच्या संध्याकाळी निंबाचा फोन वाजला. "उद्या दुपारी येतो न्यायला," प्रेमराजचा मऊ आवाज. "मागे कडी आहेच. पुढून हार अडकवायला वर दोन खिळे मारून ठेवा."

फोन ठेवल्यावर निंबाने हातोडी घेतली आणि परत ठेवली. वीस तारीख उद्यावर आली होती, आणि जिवंत बाईच्या चित्राला हाराचे खिळे सांगितले गेले होते. सकाळी साडेदहाला दुकान उघडून त्याने पहिलं काम केलं ते चित्र काचेतून उतरवण्याचं. टिकली नखाने खरवडून काढली. तोंड भिंतीकडे करून चित्र आत ठेवलं, आणि कित्येक दिवसांनी त्याला भूक लागल्यासारखं वाटलं.

त्याने एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. गावाने आतापर्यंत त्या काचेतून चित्र दोनदा उतरताना बघितलं होतं, आणि दोन्ही वेळा ते का उतरलं हे गावाला माहीत होतं.

अकरा वाजता त्याला बाया दिसल्या. डोक्यावर पदर, हळू चाल, तोंडात शब्द नाही. मागोमाग टोप्या घातलेली माणसं. सगळी तेल्याच्या गल्लीकडे वळत होती. चहावाला स्टोव्ह बंद करता करता म्हणाला, "चला निंबाभाऊ, दारवर जाऊन येऊ, सांत्वनाला. तुम्हाला तर आधीच कळलं असेल."

निंबा शटर न ओढताच पळाला.

रुक्माबाईच्या दारात चपलांचा ढीग होता. ओसरीवर तीस-चाळीस माणसं बसली होती. कोणाला रडावं की उठावं ते कळत नव्हतं, कारण रुक्माबाई मधे उभी राहून किटलीतून चहा ओतत होती. पांढऱ्या शर्टातला प्रेमराज भिंतीला टेकून बसला होता. हातात कप होता, त्याने तो तोंडाला लावलेला नव्हता.

"ये निंबाभाऊ, तू बी ऊना का? बस," रुक्माबाई म्हणाली. "मी मरी गयू म्हने. बठ्ठा गाव दारवर ऊना. चहा पिशी ना?"

एक म्हातारी पदराआडून हसली आणि लगेच गप्प झाली.

"अक्का, माझी चूक," निंबा म्हणाला. "मी चित्र उतरवलं. मला वाटलं..."

"आत ये. साखर काढी दे."

स्वयंपाकघरात तिने दार लोटलं. तिचा आवाज एकदम खाली आला.

"चित्र कव्हय काढं?"

"साडेदहाला."

"हाई लोके अकराले उनात. प्रेमराज नऊले ऊना." ती त्याच्याकडे बघत होती, अगदी चित्रातल्यासारखी. "तोंडवर रुमाल धरीसन गाडीमाईन उतरना. माले दारमा दखं आन् त्याना हातमाईन चावी पडनी."

निंबाला धुळ्याचं अंतर ठाऊक होतं. सव्वा तास. म्हणजे प्रेमराज रडायला पावणेआठला निघाला होता, तेव्हा चित्र काचेतच होतं.

रुक्माबाईने डाळीच्या डब्यामागून कागदाची पुडी काढली. आत पिवळसर चूर्ण होतं. "गुडघानं औषध शे म्हने. प्रेमराज परवा लई ऊना. फोनवर फोन, काकू लिधं का, काकू लिधं का. कागदवर ना नाव, ना गाव. मी कसाले लेसू? पन काल दुपारले कटाळीसन सांगी दिधं, लिधं म्हनी."

बाहेर कोणीतरी खोकलं. निंबाला वाटलं पुडी हातात घेऊन हुंगावी. मग वाटलं, नको.

"कोनले सांगं नहीस?" त्याने कुजबुजत विचारलं. घाईत तो शहरी बोलणं विसरला होता.

"आते तुले सांगं. चाल."

तिने पुडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी कंबरेला खोचली, पदर सारखा केला. ओसरीवरची माणसं बाजूला सरकली. प्रेमराज उठून दारात आला. आवाज तसाच मऊ होता.

"काकू, एवढ्या उन्हात कुठे?"

"पोलीस चौकीमा," रुक्माबाई म्हणाली. "तू बस. मानसं उनी शेत, त्यास्ले चहा दे."

ती पायऱ्या उतरली. निंबा तिच्यामागे निघाला. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही, पण प्रेमराजच्या गाडीचं दार लागल्याचा आवाज त्याने ऐकला, आणि इंजिन सुरू झाल्याचाही. चौकी अजून अर्धा किलोमीटर होती. रुक्माबाईने चाल वाढवली नाही. निंबा तिच्या डावीकडून चालत होता, तो तिच्या आणि रस्त्याच्या मधे आला, आणि तसाच चालत राहिला.