बादलीवाले साहेब

वाशीत आमच्या सेक्टरमध्ये फूटपाथ बांधले जात होते, तेव्हा रोज सकाळी एक ओव्हरसियर काठोकाठ भरलेली बादली घेऊन त्यांवरून चालायचे. नाव मी कधी विचारलं नाही. आम्ही सगळे त्यांना बादलीवाले साहेबच म्हणायचो. चालताना जिथे पाणी सांडेल, तिथे ते खडूने फुली मारायचे आणि मागून येणाऱ्या मुकादमाला सांगायचे, "फोडायचं. परत करायचं."

"साहेब, चार बोटांचा तर फरक हाय," मुकादम कुरकुरायचा.

"गावातली मावशी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन इथून जाणार. तिला पायाखालचं दिसतं का? नाही ना? मग फोडायचं."

ते 'नाही ना? मग' ऐकायला मी मुद्दाम चहा घेऊन बाल्कनीत बसायचो. पहिला मजला, त्यामुळे सगळं स्पष्ट ऐकू यायचं. बायकोला म्हणायचोही, "असा माणूस पाहिजे. कुणाची भीडभाड नाही!"

एकदा ते आमच्याच बिल्डिंगखाली थबकले. नव्या फूटपाथच्या मधोमध माझी नवी स्कूटर उभी होती. साहेब बादली सांभाळत रस्त्यावर उतरले, वळसा घालून परत वर चढले, आणि त्या चढ-उतारात अर्धं पाणी सांडलं. बादली खाली ठेवून त्यांनी खिशातून खडू काढला आणि स्कूटरच्या काळ्या सीटवर ठसठशीत फुली मारली.

मुकादमाचा चेहरा एकदम खुलला. हातातली पहार सरसावत त्याने विचारलं, "साहेब, ही पन फोडायची?"

मी अनवाणीच जिन्याकडे धावलो.