काकीच्या मापाची खिडकी

दामूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिळफाट्याला खिडक्यांच्या दुकानात, त्यांच्याच खिडक्या बघत उभा होतो. अॅल्युमिनियमच्या चौकटी तयार होऊन भिंतीला टेकवलेल्या होत्या. कधी पाठवायच्या, एवढंच काकांना विचारायचं बाकी होतं. फोन आला तो प्रकाशचा, माझ्या चुलतभावाचा. सकाळी काका डेअरीवर दूध घालून आले, पडवीत टेकले ते उठलेच नाहीत. खरं सांगतो, रडू येण्याआधी मला त्यांचा रागच आला. इतका घाईचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. खिडक्या तरी बसू द्यायच्या होत्या!

घाई त्यांच्या अंगातच. कडावचं मातीचं घर पाडून विटांचं बांधायला काढलं तेव्हा काकी प्रकाशच्या वेळी बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. गवंड्याने विचारलं, खिडक्या किती उंचीवर घेऊ? काका शेतावरून चिखलाच्या पायांनीच आले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हितं." झालं माप! आता काका पडले ताडमाड, आणि काकी त्यांच्या खांद्यालाही लागत नसे. बाळाला घेऊन ती नव्या घरात आली, स्वयंपाकघरात उभी राहिली, तर खिडकीतून तिला नुसतं आभाळ दिसलं. तेव्हापासून रस्ता बघायचा तर पाटावर चढायचं. वरात असो की कुणाचं भांडण, काकीला पाट सापडेपर्यंत सगळं आटपलेलं असायचं. "तुमच्या घरात ऱ्हाऊन मला पाऊस आला तेवडा कळतो," असं ती ऐकवायची आणि काका खजील होऊन हसायचे. यंदा वाळवीने चौकटी खाल्ल्या, सगळ्या खिडक्या बदलायचं ठरलं, तेव्हा काकांनी एकच धोशा लावला... बाकी घराचं काहीही होवो, हिला रस्ता दिसला पाहिजे.

माप घ्यायच्या दिवशी त्यांनी मला कर्जतहून मुद्दाम बोलावून घेतलं. खिडकीवाला बाकीच्या खिडक्या मोजून स्वयंपाकघरात आला आणि त्याने टेप उघडली, तोच काका आडवे आले. "भितीचं माप नको घेऊ रं. हिचं घे." काकी भाकऱ्या थापत होती. तिला तशाच पिठाच्या हातांनी उठवून भिंतीपाशी उभं केलं. "कोपर टेक गं भितीला. नीट. बाहेर बगत उभी ऱ्हायलीस असं समज." लाजेने काकीचं तोंड लाल झालं, पण परक्या माणसासमोर आपण बुटकी दिसू नये म्हणून तिने हळूच टाचा उचलल्या. काकांच्या नजरेतून ते सुटतंय होय! "टाचा खाली ठेव. लग्नात हार घालताना पन ह्येच केलं हुतंस." खिडकीवाला हसून हसून टेप सोडून खाली बसला. मग म्हणाला, "काका, एवढी खाली घेतली तर बाकीच्या खिडक्यांशी लाइन जमणार नाही. बाहेरून विचित्र दिसेल." काका म्हणाले, "बाहेर कोन ऱ्हातंय? आमी आत ऱ्हातो." त्या दिवशी काकी तोंडाने चिडत होती, पण तिला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि काका गेल्यावर नेमकं त्याच खिडकीचं काम अडलं. बाकीच्या खिडक्या जुन्या जागी बसणार होत्या, हिच्यासाठी भिंत फोडायला हवी होती. वर्ष होईपर्यंत घराच्या भिंतीला घण लावू नये, असं भावकीतल्या म्हाताऱ्यांनी बजावलं. प्रकाशही म्हणाला, तेवढी एक खिडकी राहू दे, पुढच्या वर्षी बघू. तेरावं झालं. मग काकी सगळ्यांसमोर म्हणाली, "दुखवटा मीच धरनार ना? मग तो मी खिडकीत उबी ऱ्हाऊन धरीन. फोडा भित." दुसऱ्याच दिवशी प्रकाशने गवंडी बोलावला.

परवा गेलो तर फाटकाला हात लावायच्या आधीच आतून हाक आली, "ये रं, चा टाकलाय!" काकी खिडकीत होती. कठड्यावर दोन्ही कोपरं टेकलेली, टाचा जमिनीला. समोरचा रस्ता, शेतं, येणारंजाणारं माणूस, सगळं तिच्या ताब्यात. मी जवळ जाऊन उभा राहिलो. काका गेल्यापासून या घरात पाऊल टाकायला मला जड जात होतं, त्या दिवशी गेलं नाही. काकी बाहेर बघतच म्हणाली, "वाट बगायची येवडी झ्याक सोय करून दिली रं ह्यांनी... आनि सोता यायचंच सोडून दिलं." बोलता बोलता तिला हसू फुटलं. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले, आणि तेवढ्यात रस्त्यावरून कोणी बाई चाललेली दिसली तशी खिडकीतून निम्मी बाहेर वाकून ओरडली, "कुटं निघालीस गं, येवड्या उन्हाची?"