पूल म्हणायचं नाही

अख्ख्या नेदरलँड्समध्ये हिमयुगावरून भांडणारा एकच माणूस असेल, आणि तो माझ्याच बायकोचा मावसभाऊ निघावा, याचा मला अजूनही राग येतो. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास तो झूटरमेरला आमच्या शेजारच्या गल्लीत राहायचा. पोटापाण्याला सॉफ्टवेअर, पण जीव सगळा अमेरिकेत पोचलेल्या पहिल्या माणसांत अडकलेला. एका बारशाला कुणी बिचारा सहज म्हणाला, "सैबेरियातून पूल ओलांडूनच गेले ना ते?" झालं! श्रीखंडाची वाटी आदळत हा ओरडला, "पूल? टोलनाका होता का तिथं? अरे, समुद्र ओसरून उघडा पडलेला मुलूख होता तो! पिढ्यान्पिढ्या राहिली माणसं तिथं. जनावरं पुढं सरकली, तशी तीही सरकली. नवा खंड आला, हे त्यांना सांगायला कोण बसलं होतं?" पाळण्यातलं बाळ दचकून रडायला लागलं, तर हा त्याच्यावरही डाफरला.

एवढं बोलणाऱ्या या माणसाच्या घरात साधं कपाट नव्हतं. शर्ट बॅगेतून निघायचा आणि धुऊन बॅगेतच जायचा. वहिनींनी कपाटाचं नाव काढलं की हा खेकसायचा, "परतच जायचंय, कपाट कशाला?" साताऱ्याला त्याची आई एकटी. दर रविवारी हा कॉलिंग कार्ड खरवडून फोन लावायचा. ती विचारायची, "यंदा येताय ना कायमचे?" आणि तिनंच काही गुन्हा केल्यासारखा हा ओरडायचा, "पुढच्या वर्षी म्हटलं ना!" अशा वेळी त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं मला वाटे.

एका रविवारी मी तिथंच होतो. इथंच जन्मलेल्या त्याच्या लेकीला इंग्रजी शाळेत भाषण करायचं होतं, विषय बापाच्याच आवडीचा: अमेरिकेत पोचलेली पहिली माणसं. तिनं चित्र काढलं होतं: एक पूल आणि त्यावरून रांगेनं चाललेली माणसं. हा कडाडलाच. तीही त्याचीच लेक. पाय आपटत म्हणाली, "बट बाबा, देन व्हेअर वॉज देअर होम?"

"जिथं चूल पेटली तिथं! लेकरं जन्मली तिथं! दुसरं कुठं असणार?"

आणि मग हा भिंतीशी रचलेल्या बॅगांकडे बघत राहिला. त्या दिवशी साताऱ्याला फोन लावायचा राहूनच गेला.

पुढच्या रविवारी गेलो, तर खोलीभर फळ्या, मध्ये अर्धवट उभं कपाट, आणि स्क्रूंना शिव्या घालणारा हा. तेवढ्यात फोन वाजला. आईनंच केला होता. पलीकडून तोच प्रश्न आला असावा.

"पुढच्या वर्षी, आई," तो अगदी हळू म्हणाला.

त्यानं ओरडावं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं.